जनुक दिसलं नाही, तर आधी रेफरन्स उघडा

रोगप्रतिकारक पेशींच्या सिंगल-सेल डेटात एखाद्या जनुकासमोर शून्य दिसलं की ‘या पेशीत हे जनुक बंद आहे’ असं लिहून आपण मोकळे होतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण शून्याला दुसरं कारण असू शकतं. ज्या रेफरन्स जीनोमशी डेटा जुळवला, त्यात ते जनुक मुळात नसेल, किंवा दोनदा असेल, किंवा आपल्या रुग्णाच्या जनुकाहून फार वेगळ्या रूपात असेल. पेशीने काम केलेलं असतं, मशीनने ते वाचलेलंही असतं, हिशेबात मात्र ते येत नाही.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारे आणि संशोधनाकडे वळू पाहणारे डॉक्टर, बीड-परळी-माजलगावच्या महाविद्यालयांतून बायोटेक्नॉलॉजी करून पुण्या-हैदराबादच्या प्रयोगशाळांत गेलेली मुलंमुली, आणि परळी भागातल्या लाल कंधारी गुरांवर किंवा जिल्हाभर दिसणाऱ्या उस्मानाबादी शेळ्यांवर काम करणारे पशुवैद्यक. सिक्वेन्सिंग बाहेरगावी होतं, पण डेटाच्या फाइली शेवटी आपल्याच लॅपटॉपवर येतात, आणि रेफरन्स निवडायचा निर्णयही आपल्याच हातात असतो. तो निर्णय बहुतेक जण घेतच नाहीत. सॉफ्टवेअरसोबत जो रेफरन्स आला तो तसाच लावतात.

यंत्रातून प्रत्येक पेशीच्या आरएनएचे लहान तुकडे वाचून येतात. टेनएक्स जीनोमिक्स या कंपनीच्या नेहमीच्या पद्धतीत असा तुकडा साधारण ९० अक्षरांचा असतो. हा तुकडा कुठल्या जनुकाचा, हे ठरवायला दोन फाइली लागतात. फास्टा फाइलीत डीएनएची अक्षरं असतात. जीटीएफ फाइलीत कुठल्या अक्षरापासून कुठपर्यंत कोणतं जनुक, याची नोंद असते. या दोन मिळून रेफरन्स होतो. माणसं जीनोमची आवृत्ती सांगतात आणि जीटीएफची विसरतात, पण निकाल दोन्हींवर सारखाच अवलंबून असतो. मतदार यादीत नाव नसलेला माणूस केंद्रावर येऊनही मोजला जात नाही, तसंच यादीबाहेरच्या जनुकाचं होतं.

दोन माणसांच्या डीएनएत हजार अक्षरांमागे साधारण एकाचा फरक असतो. एवढ्याने ९० अक्षरांचा तुकडा जागा चुकत नाही. म्हणून तुम्हाला फक्त टी पेशी किती, बी पेशी किती, मोनोसाइट किती एवढंच पाहायचं असेल, तर रेफरन्सची फार चिंता करू नका. अडचण येते ती रोगप्रतिकारक शक्तीच्या खास जनुकांत. एचएलए, नैसर्गिक मारक पेशींवरचे केआयआर रिसेप्टर, अँटिबॉडीची आणि टी पेशी रिसेप्टरची जनुकं ही सगळी एका माणसात एक आणि दुसऱ्यात वेगळी असतात. काही तर एका माणसात असतात आणि दुसऱ्यात नसतातच. नेमक्या याच जनुकांसाठी आपण एवढा खर्च करून सिक्वेन्सिंग केलेलं असतं.

एचएलए-डीआरबीचं उदाहरण जवळून पाहू. जीआरसीएच३८ हा मानवी रेफरन्स २०१३ च्या डिसेंबरात आला आणि आजही बहुतेक काम त्याच्यावर चालतं. तो बऱ्याच दात्यांच्या डीएनएचे तुकडे जोडून झाला असला, तरी सुमारे ७० टक्के भाग एकाच दात्याचा आहे. सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलएचा पट्टा पीजीएफ नावाच्या सेल लाइनवरून घेतला आहे. पीजीएफ डीआर१५ प्रकारची आहे, त्यामुळे रेफरन्सच्या मुख्य भागात डीआरबी१ सोबत डीआरबी५ आहे. डीआरबी३ आणि डीआरबी४ ही जनुकं मुख्य भागात नाहीत. ती पर्यायी तुकड्यांत, म्हणजे त्याच पट्ट्याची वेगळी रूपं स्वतंत्रपणे नोंदलेल्या अनुक्रमांत, ठेवली आहेत, आणि टेनएक्सच्या तयार रेफरन्समध्ये ते पर्यायी तुकडे घेतलेले नसतात.

आता समजा तुमच्याकडे तीन दाते आहेत. पहिल्याकडे डीआर१५ आहे, दुसऱ्याकडे डीआर७, तिसऱ्याकडे डीआर१०. भारतात डीआर१५ आणि डीआर७ दोन्ही भरपूर आढळतात आणि डीआर१० सुद्धा दुर्मीळ नाही. पहिल्याचं डीआरबी५ बरोबर मोजलं जाईल. दुसऱ्याकडे डीआर७ सोबत सहसा डीआरबी४ येतं, पण त्याची नोंद यादीत नाही. त्याचे काही तुकडे साधर्म्यामुळे डीआरबी१ किंवा डीआरबी५ कडे जातील, काही एकाहून जास्त ठिकाणी बसतील म्हणून टाकून दिले जातील. तिसऱ्याकडे यांतलं कुठलंच जास्तीचं जनुक नाही. तिघांच्या बी पेशी सारख्याच जोमाने काम करत असल्या, तरी तक्त्यात तीन वेगळी चित्रं दिसतील.

म्हणून तीन रुग्ण आणि तीन निरोगी माणसं अशा लहान तुलनेत एचएलए-डीआरबी५ सर्वाधिक फरकाच्या पहिल्या पाच जनुकांत आलं, तर आधी थांबा. रोगामुळे ते वाढलं असेलही, पण आधी प्रत्येक दात्याचे आकडे वेगळे काढून पाहा. काहींमध्ये भरपूर आणि काहींमध्ये जवळजवळ शून्य, मधलं काहीच नाही, असं दिसलं तर तो वारशाचा फरक आहे. कोणाला आईवडिलांकडून काय मिळालं, एवढंच त्या आकड्यांनी सांगितलं.

यावर उपाय आहेत. आर्कास-एचएलए हे साधन आरएनएच्या तुकड्यांवरूनच दात्याचा एचएलए प्रकार ओळखतं. प्रकार कळला की आयपीडी-आयएमजीटी/एचएलए या खुल्या संग्रहातून त्या रूपांचे अनुक्रम घेऊन प्रत्येक दात्याची मोजणी वेगळी करता येते. टेनएक्सचं एससीएचएलएकाउंट याच कामासाठी आहे. एवढा वेळ नसेल, तर पर्यायी तुकड्यांतून डीआरबी३ आणि डीआरबी४ यांचे अनुक्रम उचलून फास्टाला जोडा, जीटीएफमध्ये त्यांच्या ओळी घाला आणि रेफरन्स नव्याने बांधा. पण मग डीआरबी१ चे काही तुकडे नव्या जनुकांवरही बसतील आणि गळतील. म्हणून जोडण्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवूनच ठरवा. हेही जमणार नसेल, तर डीआरबी गटातल्या जनुकांवर निष्कर्ष काढू नका. लेखात तसं स्पष्ट लिहिलेलं एक वाक्य पुरतं.

केआयआरची गत अशीच आहे. रेफरन्सच्या मुख्य भागात ए प्रकारची मांडणी आहे. केआयआर३डीएस१, केआयआर२डीएस२ अशी बी प्रकारची जनुकं पर्यायी तुकड्यांत पडली आहेत. उत्तर भारतीयांवरच्या अभ्यासात बी प्रकार जास्त आढळला आहे. तेव्हा आपल्या माणसांच्या मारक पेशींमध्ये ही जनुकं दिसत नाहीत असं लिहिण्याआधी ती शोधायची सोय होती का, हे तपासायलाच हवं.

याच्या उलट चूक म्हणजे जनुक दोनदा असणं, आणि मला ती जास्त धोक्याची वाटते, कारण करणाऱ्याला आपण काळजीपूर्वक काम केलं असंच वाटत राहतं. एन्सेंबल या जीनोम संग्रहाच्या संकेतस्थळावर मानवी जीनोमच्या दोन फास्टा फाइली असतात. एकीच्या नावात ‘प्रायमरी असेंब्ली’ असतं, दुसरीच्या नावात ‘टॉपलेव्हल’. दुसरी मोठी असते म्हणून ती जास्त पूर्ण समजून उतरवली जाते. तिच्यात एचएलएचे पर्यायी तुकडे असतात. मग एचएलए-ए चा एक तुकडा एकाच वेळी चार-पाच ठिकाणी तंतोतंत बसतो. टेनएक्सचं मोजणीचं सॉफ्टवेअर सेल रेंजर अशा तुकड्याला मोजत नाही. परिणामी शरीरातल्या जवळपास प्रत्येक केंद्रकवाल्या पेशीवर असणारं जनुक तक्त्यात जेमतेम दिसतं. मानवी डेटासाठी प्रायमरी असेंब्लीच घ्या. गाय, शेळी अशा प्राण्यांसाठी बहुधा टॉपलेव्हल हीच एक फाइल मिळते आणि तिथे पर्यायी तुकडे नसल्याने ती चालते.

दुसरी दुहेरी जागा एक्स आणि वाय गुणसूत्रांच्या टोकांना आहे. तिथला एक पट्टा दोन्ही गुणसूत्रांवर सारखा असतो. काही फास्टा फाइलींत वायवरचा पट्टा झाकलेला असतो, काहींत उघडा. उघडा राहिला तर तिथल्या जनुकांचे तुकडे दोन ठिकाणी बसतात आणि वाया जातात. या पट्ट्यात आयएल३आरए म्हणजे सीडी१२३ आहे, सीएसएफ२आरए आहे, सीडी९९ आहे. सीडी१२३ वरून तर प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी ओळखल्या जातात. तपासणी सोपी आहे: क्लेक४सी आणि एलआयएलआरए४ ठळक असलेला गट शोधा. त्या गटात आयएल३आरए दिसायलाच हवं. ते जवळजवळ शून्य असेल, तर पेशींना दोष देऊ नका, फास्टा तपासा.

आता गुरांकडे वळू, कारण बीड जिल्ह्यात अशा कामाला भरपूर वाव आहे. २०२२ साली लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रातल्या पशुपालकांचं कंबरडं मोडलं, तेव्हा कोणती जनावरं तग धरतात आणि का, हा प्रश्न प्रत्येक गोठ्यात होता. परळीच्या लाल कंधारी गाईचं रक्त घेऊन परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या मदतीने पेशी वेगळ्या केल्या आणि सिक्वेन्सिंग झालं, असं धरू. डेटा कुठल्या गाईशी जुळवायचा?

प्रचलित रेफरन्स एआरएस-यूसीडी१.२ हा २०१८ चा आहे. तो अमेरिकेतल्या मोंटानातल्या डॉमिनेट नावाच्या हेरफोर्ड गाईचा आहे. हेरफोर्ड ही बिनवशिंडाची, युरोपीय वंशाची जात. आपली वशिंडाची गुरं त्या वंशापासून लाखो वर्षांपूर्वी वेगळी झाली आणि माणसाळली तीही वेगळ्या ठिकाणी, सिंधू खोऱ्याच्या बाजूला. यूओए_ब्राह्मण_१ हा दुसरा पर्याय अ‍ॅडलेड विद्यापीठाने तयार केला आणि २०२० मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. अमेरिकेत घडलेल्या ब्राह्मण जातीचे पूर्वज गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्याची गुरं आहेत, म्हणजे नातं लाल कंधारीला बरंच जवळचं. म्हशीसाठी तर भारतातच, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने (एनडीडीबी), मुऱ्हा जातीवरून एनडीडीबी_एसएच_१ हा रेफरन्स केला आहे. शेळीचा एआरएस१ हा २०१७ चा रेफरन्स सॅन क्लेमेंटे जातीच्या पापडम नावाच्या बोकडाचा. उस्मानाबादी शेळीचं काम बहुधा त्याच्यावरच होतं.

जवळचा तो चांगला, असं लगेच ठरवू नका. हेरफोर्डच्या रेफरन्सवर जगभर काम झाल्याने त्याची जीटीएफ जास्त भरलेली आहे. टेनएक्सच्या ३-प्राइम पद्धतीत तुकडे जनुकाच्या शेपटाकडून येतात. जीटीएफमध्ये ते शेपूट आखूड नोंदलं असेल, तर तुकडा जीनोमवर बरोबर बसूनही कुठल्याच जनुकाच्या खात्यात जमा होत नाही. गुरांच्या डेटात माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि जात बदलून ते भरून निघत नाही. सेल रेंजरचा अहवाल उघडा आणि ‘जीनोमवर बसलेले’ व ‘जनुकांवर बसलेले’ या दोन टक्केवारींमधलं अंतर पाहा. ते फार असेल, तर आयजीव्ही या जीनोम पाहण्याच्या साधनात दोन-चार ओळखीची जनुकं उघडा, सीडी३ई, सीडी७९ए, सीडी१४. तुकड्यांचा ढीग जनुकाच्या नोंदीपलीकडे, शेपटाच्या पुढे साचलेला दिसला, तर जीटीएफमधली ती नोंद तिथपर्यंत वाढवा आणि काय वाढवलं त्याची यादी ठेवा.

आणखी दोन गोष्टी माणसाच्या डेटावर शिकलेल्यांना हमखास नडतात. मेलेल्या पेशी वगळायला आपण मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांचं प्रमाण पाहतो, आणि ती जनुकं ‘एमटी-’ या सुरुवातीवरून शोधतो. गाईच्या जीटीएफमध्ये ती नुसती एनडी१, कॉक्स१ अशी असतात. मग सगळ्या पेशींचं प्रमाण शून्य येतं आणि मेलेल्या पेशी सरसकट आत येतात. काही प्राण्यांच्या फास्टामध्ये तर मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएच नसतो, तो वेगळा आणून जोडावा लागतो. दुसरं म्हणजे वासरांच्या रक्तात गॅमा-डेल्टा टी पेशींचं प्रमाण माणसापेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि त्यांच्यावरच्या डब्ल्यूसी१ कुटुंबात गाईकडे १३ जनुकं आहेत. यांतली काही जीटीएफमध्ये नावाऐवजी नुसत्या क्रमांकाने नोंदलेली असतात. नाव शोधून ती सापडणार नाहीत. मानवी पेशींच्या यादीवरून आपोआप नावं देणारं साधन या गटाला भलतंच काहीतरी म्हणेल. लम्पीग्रस्त जनावर असेल, तर विषाणूचा सुमारे १ लाख ५१ हजार अक्षरांचा जीनोमही रेफरन्सला जोडा, म्हणजे कोणत्या पेशीत विषाणू आहे ते त्याच मोजणीत दिसेल.

हेरफोर्ड आणि ब्राह्मण अशा दोन्ही रेफरन्सवर डेटा चालवून पाहा, हाच माझा सल्ला. पेशींचे मोठे गट दोन्हींत सारखे आले तर जास्त भरलेली जीटीएफ ठेवा. तुमचा प्रश्न ज्या जनुकांवर उभा आहे ती दोन्हींत वेगळी वागली, तर ते लेखात दाखवा.

अँटिबॉडीच्या अनुक्रमांवर काम करणाऱ्यांना एक वेगळा सापळा आहे. तिथे नेहमीचा जीनोम रेफरन्स लागत नाही. आयएमजीटीसारख्या संग्रहातली मूळ व्ही, डी, जे जनुकं लागतात. बी पेशीचं जनुक मूळ रूपापासून किती बदललं, यावरून तिने संसर्गाशी झुंजताना किती उत्परिवर्तनं जमवली ते मोजतात. पण मूळ रूप म्हणून जे धरलं ते तुमच्या दात्याचं नसेल, तर जन्मजात फरकही झुंजीतली उत्परिवर्तनं म्हणून मोजला जातो. जीआरसीएच३८ मधला अँटिबॉडीच्या जड साखळीचा पट्टा सीएचएम१ या एकाच हायडॅटिडिफॉर्म मोलच्या (द्राक्षगर्भाच्या) ऊतीतून आला आहे. काही माणसांत आयजीएचव्ही१-८ आणि ३-९ ही जोडी असते, काहींत त्याच जागी ५-१०-१ आणि ३-६४डी. एका सरळ रेफरन्सला यांतली एकच जोडी धरता येते. संग्रहांतही भारतीयांचा वाटा तोकडा आहे.

इथे कसोटी आहे ती नाइव्ह बी पेशींची. या पेशींनी अजून जंतू पाहिलेला नसतो, तेव्हा त्यांच्यात उत्परिवर्तनं नसायला हवीत. एका दात्याच्या नाइव्ह पेशी घ्या, एकाच व्ही जनुकाच्या पण वेगवेगळ्या क्लोनमधल्या. त्या सगळ्यांत एकाच जागी एकच अक्षर बदललेलं दिसलं, तर ते दात्याचं जन्मजात रूप आहे. टायगर आणि आयजीडिस्कव्हर ही साधनं हेच शिस्तीने करतात. टी पेशींच्या क्लोनचा नुसता आकार मोजायचा असेल, तर एवढ्या खोलात जायची गरज नाही. सीडीआर३ चा भाग व्ही जनुकाच्या रूपावर फारसा अवलंबून नसतो.

मग नवा, पूर्ण टी२टी-सीएचएम१३ रेफरन्स का घेऊ नये? २०२२ मध्ये आलेल्या या रेफरन्सने सुमारे २० कोटी अक्षरांची भर घातली आणि पोकळ्या बुजवल्या. पण तोही एकाच मोल ऊतीचा आहे. त्याचे एचएलए आणि केआयआर तुमच्या दात्याचे होत नाहीत. २०२३ चा मानवी पॅनजीनोम ४७ जणांचा आहे आणि दिशा तीच बरोबर आहे. मात्र त्यातले बरेच नमुने बी लिंफोब्लास्टॉइड सेल लाइनवरून घेतले आहेत. बी पेशीत अँटिबॉडीची जनुकं आधीच कापून जोडलेली असतात, त्यामुळे नेमका तो पट्टा अशा नमुन्यांत तुटका मिळू शकतो. जीनोमइंडियाच्या दहा हजार भारतीयांच्या जीनोमबद्दलही गैरसमज आहे. ती माहिती भारतीयांत कोणते फरक किती आढळतात ते सांगते आणि त्यासाठी अमोल आहे, पण सेल रेंजरमध्ये घालायचा तयार भारतीय रेफरन्स ती नाही.

बाहेरच्या डेटाशी तुलना करताना दोन्ही बाजूंचा रेफरन्स एक करा. भारतासह पाच देशांतल्या ६०० हून अधिक निरोगी दात्यांच्या रक्तपेशी एशियन इम्यून डायव्हर्सिटी अ‍ॅटलासने मोजल्या आहेत. आपल्या नमुन्यांना शेजारी ठेवायला याहून चांगलं काही सध्या नाही. पण टेनएक्सचा २०२०-ए रेफरन्स जेनकोड या जनुक-नोंदींच्या ३२ व्या आवृत्तीवर आहे आणि २०२४-ए रेफरन्स ४४ व्या आवृत्तीवर. दोन वेगळ्या रेफरन्सचे तक्ते नुसत्या नावांवरून जोडले, तर एकीकडे नसलेलं जनुक शून्य म्हणून भरलं जातं आणि मोठा फरक म्हणून वर येतं. नावंही बदलतात. एमएचसी-२ ला पेशीपृष्ठावरून खाली ओढणारं मार्च१ आता मार्चएफ१ झालं आहे, कारण जुनं नाव एक्सेल तारीख समजत असे. जोडणी एन्सेंबलच्या क्रमांकावरून करा आणि शक्य असेल तर फास्टक्यू, म्हणजे यंत्रातून आलेल्या कच्च्या तुकड्यांच्या फाइलींपासून दोन्ही बाजू पुन्हा चालवा.

लॅपटॉप लहान असेल म्हणून अडू नका. सेल रेंजरला ६४ जीबी मेमरी लागते. केबी-पायथन आणि अलेव्हिन-फ्राय ही मोजणीची साधनं त्याच्या अंशात भागवतात, आणि गॅलेक्सीच्या खुल्या सर्व्हरवर विनाशुल्क काम करता येतं. रेफरन्सची फाइल काही जीबींची असते. उतरवताना मधेच नेट गेलं तर ती अर्धवट राहूनही उघडते, म्हणून एमडी५ची बेरीज जुळवा. त्याच फोल्डरमध्ये फास्टाचं नाव, जीटीएफची आवृत्ती, उतरवल्याची तारीख आणि तुम्ही जोडलेले अनुक्रम एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवा. परीक्षक हेच विचारतो, तेव्हा वर्ष उलटून गेलेलं असतं.

कच्च्या फास्टक्यू फाइली जपाच, कारण उद्या चांगला रेफरन्स आला तर मोजणी पुन्हा त्यांच्यावरूनच करायची आहे. त्या फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरकडे ठेवता येतात. मात्र एचएलए प्रकार ही माणसाची स्वतःची ओळख पटवू शकणारी माहिती आहे. म्हणून मानवी डेटा नियंत्रित प्रवेशातच ठेवा. रक्त घेण्याआधी दात्याला मराठीत, त्याच्या शब्दांत, सांगा की या नमुन्यातून त्याचा एचएलए प्रकार कळेल आणि पुढे दुसरे संशोधकही हा डेटा नव्याने तपासतील. संमतीपत्रात त्यासाठी वेगळी ओळ आणि वेगळी सही ठेवा, आणि ते पत्र नमुने घेण्याच्या आधीच नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्या.